ठिणगी, कीस आणि ज्योत

नोव्हेंबर 2014 मध्ये मुंबईच्या दारूखान्यात ‘विक्रांत’ मोडायला घेतली. 1961 साली नौदलात आलेली, 1971 च्या युद्धात लढलेली आणि 1997 मध्ये निवृत्त झालेली ही विमानवाहू नौका लांबीला दोनशे मीटरहून अधिक होती. एवढं धूड तोडायला रे रोडच्या त्या किनाऱ्यावर कुठली अवाढव्य करवत आणावी लागली नाही. जहाजतोडणीच्या धंद्यात वर्षानुवर्षं चालत आलेलं हत्यारच तिथं होतं, ते म्हणजे गॅस कटर. एक नळी ऑक्सिजनची, एक इंधनवायूची आणि एका माणसाच्या हातात मावणारी टॉर्च. त्या तोडणीतून निघालेलं काही लोखंड बजाज ऑटोने घेतलं आणि 2016 च्या ‘व्ही’ मोटारसायकलीत वापरलं.

हीच टॉर्च एखाद्या सोसायटीच्या गेटसाठी आणलेल्या सोळा गेजच्या चौकोनी पाइपवर लावली, तर काप राहील बाजूला आणि पाइपच्या कडा वितळून लोंबू लागतील. उलट, गेटचं काम झटपट उरकणारा चार इंची ग्राइंडर जहाजाच्या जाड प्लेटसमोर नेला, तर संध्याकाळपर्यंत झिजलेल्या डिस्कांचा ढीग पडेल आणि प्लेट बरीचशी शाबूत असेल.

फॅब्रिकेशनच्या धंद्यात नव्याने उतरलेला माणूस मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवरच्या एखाद्या हत्यारांच्या दुकानात शिरतो आणि विचारतो, “सगळ्यात चांगलं कटिंग मशीन कोणतं?” जाणता दुकानदार त्यालाच उलट तीन प्रश्न टाकतो. काय कापायचंय? दिवसाला किती काप? आणि कापल्यावर त्या तुकड्याचं काय होणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं गिऱ्हाइकाकडे तयार असतात. तिसऱ्यापाशी तो अडखळतो, आणि बहुतेक छोट्या वर्कशॉपमधला पैसा जिरतो तो तिथेच. काप घेण्याचा खर्च थोडा असतो. कापलेला तुकडा घासून, जुळवून, वेल्डिंगला बसेल असा करण्याचा खर्च मोठा असतो.

उष्णता जाते कुठे?

लोखंड कापणारी यंत्रं डझनभर दिसली तरी कापण्याच्या तऱ्हा मुळात तीन. कठीण कणांनी घासून कापणं, दातांनी खरवडून कापणं, आणि जाळून किंवा वितळवून कापणं. पहिलीत ठिणग्या उडतात, दुसरीत कीस पडतो, तिसरीत ज्योत असते. कात्रीसारखं दाबून तोडणं ही चौथी तऱ्हा. तिचा उल्लेख पुढे येईल.

यंत्राला दिलेली जवळजवळ सगळी शक्ती शेवटी उष्णता होते. ती उष्णता कुठे जाते, यावर तीनही तऱ्हांचे गुणदोष ठरतात. दातांच्या करवतीत ती बहुतांशी किसाबरोबर बाहेर पडते, म्हणून कापलेला तुकडा लगेच हातात धरता येतो. घासणाऱ्या डिस्कमध्ये ती ठिणग्या, डिस्क आणि लोखंड अशी तिन्हीकडे वाटली जाते. कापाच्या कडेवर निळसर झाक दिसली की ती कड तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊन आली, असं समजावं. ज्योतीच्या कापात तर उष्णता हेच हत्यार. तिथे प्लेट तापणारच. प्रश्न उरतो तो किती रुंदीपर्यंत तापली एवढाच.

साध्या माइल्ड स्टीलला, म्हणजे पाव टक्क्याच्या आत कार्बन असलेल्या लोखंडाला, ही ऊब फारशी बाधत नाही. गेट, ग्रिल, शेड, जिने यांतलं बहुतेक लोखंड याच जातीचं. पण कार्बन जास्त असलेल्या किंवा मिश्रधातूच्या पोलादाची कड अशी तापून चटकन थंड झाली, की कडक होते. मग तिथे ड्रिल मारायला गेलेला कारागीर बिटाला शिव्या घालतो. दोष बिटाचा नसतो, आधीच्या कापाचा असतो.

हत्यारांच्या इतिहासालाही याच उष्णतेने वळण दिलं. एकोणिसाव्या शतकात कापण्याची पाती साध्या कार्बन पोलादाची असत. दोन-अडीचशे अंशांच्या पुढे गेली की ती मऊ पडत, त्यामुळे यंत्र सावकाश चालवावं लागे. अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टीलमध्ये फ्रेडरिक टेलर आणि माँसेल व्हाइट यांनी शतकाच्या अखेरीस असं पोलाद तयार केलं, की जे तापून लाल दिसू लागलं तरी धार सोडत नसे. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात ते चालताना पाहून युरोपचे कारखानदार चकित झाले. आज ‘एचएसएस’ म्हणून ओळखलं जाणारं हायस्पीड स्टील त्यातूनच पुढे आलं. पुढे 1920 च्या दशकात जर्मनीत टंगस्टन कार्बाइडची हत्यारं आली आणि ती त्याहूनही जास्त ताप सोसू लागली.

झिजणारं चाक

जाडसर पोलाद झपाट्याने घासून कापायचं तर त्यासाठी वाळूपेक्षा कितीतरी कठीण कण लागतात. 1891 मध्ये एडवर्ड ॲचिसन या अमेरिकन संशोधकाने विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड बनवलं आणि कृत्रिम घर्षणद्रव्यांचं युग सुरू झालं. पोलादासाठी मात्र पुढे ॲल्युमिनियम ऑक्साइड जास्त योग्य ठरलं. सिलिकॉन कार्बाइड दगड, काँक्रीट आणि बिडाच्या कामात रमलं. 1954 मध्ये जर्मनीच्या फ्लेक्स कंपनीने उच्च वेगाचा अँगल ग्राइंडर आणला आणि कापण्याचं यंत्र कामापाशी नेता येऊ लागलं. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही एमआयडीसीत किंवा गावाच्या नाक्यावरच्या शेडमध्ये सर्वांत जास्त वापरलं जाणारं कटिंगचं यंत्र हेच.

डिस्कवर छापलेली अक्षरं बहुतेक जण वाचत नाहीत. ‘ए 30 एस बीएफ’ असं काही तिथे असतं. ‘ए’ म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, 30 हा कणांचा जाडेपणा, ‘एस’ ही बांधणीची कठीणता, आणि ‘बीएफ’ म्हणजे रेझिनमध्ये बसवलेली काचतंतूची जाळी. कठीण बांधणीची डिस्क जास्त टिकते, पण बोथट झालेले कण सोडत नाही आणि घासत बसते. मऊ बांधणीची डिस्क लवकर झिजते, पण सतत नवे धारदार कण पुढे आणते. म्हणून कठीण धातूला मऊ डिस्क आणि मऊ धातूला कठीण डिस्क, असा ऐकायला उलटा वाटणारा नियम आहे.

मधल्या धातूच्या कड्यावर आणखी एक गोष्ट कोरलेली असते, ती म्हणजे डिस्क कधीपर्यंत वापरायची. रेझिनची बांधणी ओलावा शोषते आणि काळाने कमकुवत होते. साधारणपणे ही मुदत तयार झाल्यापासून तीन वर्षांची धरतात. कोकणातल्या पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकवून ठेवलेली डिस्क मुदतीच्या आत असली तरी भरवशाची राहत नाही.

वेगाचं गणित तर जिवाशी खेळणारं आहे. या डिस्कांच्या कडेचा कमाल वेग सेकंदाला 80 मीटर असतो, म्हणजे ताशी 288 किलोमीटर. सात इंची डिस्कला तो वेग मिनिटाला साधारण 8,500 फेऱ्यांवर गाठता येतो. पाच इंची ग्राइंडर मात्र 11,000 फेऱ्यांच्या आसपास फिरतो. दोन्हींचं भोक सारखंच, 22.23 मिलिमीटर, त्यामुळे गार्ड काढला की मोठी डिस्क छोट्या यंत्रावर सहज बसते. तेव्हा तिच्या कडेचा वेग सेकंदाला 100 मीटरच्या वर जातो. फाडणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे मर्यादेच्या दीडपटीहून अधिक होतो. डिस्क फुटते ती अशी, आणि अडवायला गार्ड नसतो. याच ग्राइंडरवर लाकडाचं दातेरी ब्लेड बसवण्याची खोड त्याहून वाईट. ते ब्लेड लाकडात वा पत्र्यात अडकलं की अख्खं यंत्र उसळून मांडीवर, पोटावर किंवा गळ्यावर येतं.

चौदा इंची चॉप सॉ, म्हणजे धंद्यातलं ‘कटऑफ मशीन’, हे त्याच तत्त्वाचं बैठकीचं रूप. 355 मिलिमीटरची डिस्क आणि मिनिटाला सुमारे 3,800 फेऱ्या. दोन-अडीच हजार वॉटचं हे यंत्र स्वस्त आहे, अँगल, पाइप, सळई असं समोर येईल ते कापतं, आणि चालवायला फारसं शिकावं लागत नाही. त्याच्या मर्यादा मात्र सवयीने कुणाच्या लक्षात राहत नाहीत. डिस्क लवचीक असते. दाब जास्त दिला की ती वाकते आणि काप तिरका जातो. ती झिजत 250 मिलिमीटरवर आली, की कडेचा वेग सेकंदाला सत्तर मीटरवरून पन्नासवर उतरतो. काप मंदावतो, कारागीर जोर लावतो आणि कड आणखी जळते. शिवाय कापाच्या खालच्या बाजूला बर, म्हणजे धातूची खरबरीत किनार, राहते. ती कानशीने किंवा फ्लॅप डिस्कने काढावी लागते.

या यंत्रावर काम धरण्याची एक साधी युक्ती आहे. अँगल सपाट ठेवून कापू नये. कोपरा वर करून, उलट्या व्हीसारखा ठेवावा. डिस्क एका वेळी थोड्याच धातूला टेकते आणि वेग टिकतो. चौकोनी पाइपही जमेल तिथे कोपऱ्यावर उभा धरावा.

ठिणग्यांचा एक उपयोगही जुने कारागीर करतात. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात. कार्बन जास्त असेल तर त्या टोकाला फुटतात. स्टेनलेसच्या आखूड आणि नारिंगी, बिडाच्या मंद लाल. भंगारातून आणलेला दांडा कुठल्या जातीचा, याचा पहिला अंदाज ग्राइंडरवर असा लागतो.

दातांचं काम

मिनिटाला सत्तर मीटर. बँडसॉचं, म्हणजे पुलींवर फिरणाऱ्या पट्टी-करवतीचं, पातं माइल्ड स्टीलमधून साधारण या गतीने चालतं. ग्राइंडरच्या डिस्कची कड मिनिटाला 4,800 मीटर धावते. इतकं हळू चालणारं यंत्र दिवसाच्या हिशेबात पुढे कसं जातं, हे कोडं पहिल्यांदा पाहणाऱ्याला पडतं. उत्तर असं, की डिस्क धातूची भुकटी करते आणि दात त्याचा सलग कीस काढतो. भुकटी करायला शक्ती पुष्कळ लागते. कीस काढायला थोडी पुरते. शिवाय बँडसॉ काप सुरू करून देतो आणि शेवटी आपण होऊन थांबतो. तेवढ्यात कारागीर दुसऱ्या तुकड्यावर खूण करतो किंवा टॅक मारतो.

आजच्या चांगल्या पात्यांना बायमेटल म्हणतात. पाठ लवचीक स्प्रिंग स्टीलची, आणि दातांची कड कोबाल्ट मिसळलेल्या हायस्पीड स्टीलची. ‘एम 42’ या प्रचलित जातीत कोबाल्ट आठ टक्के असतं. दोन्ही इलेक्ट्रॉन बीमने जोडतात. पाठ पुलींभोवती वाकत राहते, कड तापून मऊ पडत नाही.

पातं निवडताना पाहायचं ते इंचातल्या दातांची संख्या. कापाच्या आत एका वेळी किमान तीन दात असले पाहिजेत. त्याहून कमी असतील तर एकच दात पाइपच्या पातळ भिंतीत अडकतो आणि तुटतो. एक दात तुटला की त्याच्या मागचे ओळीने जातात. दुसरीकडे, जाड भरीव गोल दांड्यावर बारीक दातांचं पातं लावलं तर दातांमधल्या खाचा किसाने भरून जातात आणि पातं नुसतं सरकत राहतं. साठ मिलिमीटरच्या भरीव दांड्याला इंचाला चार-सहा दातांचं पातं, आणि तीन मिलिमीटर भिंतीच्या पाइपला दहा-चौदाचं, असा ढोबळ आडाखा आहे. ‘चार-सहा’ ही जोडी म्हणजे एकाच पात्यावर दातांचं अंतर मुद्दाम कमी-जास्त ठेवलेलं असतं. त्याने थरथर आणि किंचाळणारा आवाज कमी होतो.

हातातल्या हॅक्सॉलाही हाच नियम लागतो. सर्वसाधारण कामाला 18 दात, पाइपला 24, पातळ पत्र्याला 32. नवं बँडसॉ पातं पहिल्या काही कापांना निम्म्या दाबावर चालवावं. बिडाचा नवा तवा जसा थेट धिरड्याला घेत नाहीत, तसं हेही. दातांच्या सुईसारख्या टोकांना थोडी गोलाई येऊ दिली, की पातं कितीतरी जास्त टिकतं.

पातं बरोबर चाललंय का, हे कीस सांगतो. सैल वेटोळं घेतलेला, चकचकीत आणि हाताला कोमट कीस म्हणजे सगळं ठीक. निळा, जाड, जळका कीस म्हणजे दाब किंवा वेग जास्त. पिठासारखा भुगा पडत असेल तर दाब कमी, दात नुसते घासताहेत आणि बोथट होताहेत. स्टेनलेसच्या बाबतीत ही शेवटची चूक महाग पडते. दात न रुतता घासत राहिले, की स्टेनलेसचा वरचा थर कामाने कडक होतो आणि पुढचा दात त्या कडक थरावर आपटतो. म्हणून स्टेनलेस कापताना पात्याची गती निम्म्यावर आणतात, पण दाब ढिला सोडत नाहीत.

स्टेनलेसचं आणखी एक पथ्य आहे. माइल्ड स्टीलवर वापरलेली डिस्क त्यावर लावली, की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि महिन्याभरात ‘गंज न लागणाऱ्या’ रेलिंगवर तांबूस ठिपके उमटतात. त्यासाठी ‘आयनॉक्स’ छापलेल्या, लोह, गंधक आणि क्लोरीन टाळून बनवलेल्या डिस्का वेगळ्या ठेवाव्यात.

बँडसॉच्या आधी वर्कशॉपमध्ये पॉवर हॅक्सॉचं राज्य होतं आणि अनेक ठिकाणी तो अजूनही पट्ट्यावर ठकठक करत चालतो. त्याचं ब्लेड एकाच दिशेने कापतं, परतीच्या फेरीत उचललं जातं, म्हणजे बराचसा वेळ रिकामा जातो. पण यंत्र दणकट, ब्लेड स्वस्त. दिवसाला मोजके भरीव दांडे कापायचे असतील तर त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही.

दातांच्या घराण्यातला तिसरा सदस्य म्हणजे कार्बाइड दातांची ड्राय-कट करवत. दिसायला थेट चॉप सॉसारखी, पण 355 मिलिमीटरचं ब्लेड मिनिटाला सुमारे 1,300 ते 1,500 फेऱ्याच घेतं. काप स्वच्छ, बर नगण्य, तुकडा जवळजवळ थंड. पैसे वाचवायचे म्हणून हेच ब्लेड 3,800 फेऱ्यांच्या चॉप सॉवर चढवणारे लोक असतात. तिथे ब्लेडची मर्यादा केव्हाच ओलांडली जाते आणि सुटलेला कार्बाइडचा दात गोळीसारखा जातो.

ज्योत, प्लाझ्मा, लेसर

‘विक्रांत’वर चाललेली टॉर्च लोखंड वितळवते, असा समज आहे. खरं तर ती लोखंड जाळते. आधी ज्योतीने जागा नऊशे अंशांच्या आसपास लालभडक करायची, मग लीव्हर दाबून शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडायचा. लोखंड त्यात पेट घेतं, होणारं ऑक्साइड लोखंडाच्या आधी वितळतं आणि झोताबरोबर खाली उडून जातं. जळण्यातून निघालेली उष्णता पुढचा थर तापवते. म्हणूनच पन्नास, शंभर, अगदी तीनशे मिलिमीटर जाडीसुद्धा या साध्या साधनापुढे टिकत नाही. फ्रान्समध्ये 1903 च्या सुमारास ऑक्सि-ॲसिटिलीन टॉर्च आली. मूळ तत्त्व तेव्हापासून तेच आहे.

आणि म्हणूनच ती स्टेनलेस कापू शकत नाही. तिथे होणारं क्रोमियमचं ऑक्साइड पोलादापेक्षा कितीतरी जास्त तापमानाला वितळतं आणि कवच धरून बसतं. ॲल्युमिनियमचंही तसंच. ऑक्सिजनची शुद्धता 99.5 टक्क्यांच्या खाली एखाद्या टक्क्यानेही घसरली, तरी कापण्याचा वेग लक्षात येण्याइतका मंदावतो.

हाताने चालवलेल्या टॉर्चचा काप कारागिराच्या मनगटावर अवलंबून. तीच टॉर्च रुळावरून सरकणाऱ्या पग मशीनवर बसवली, की सरळ आणि एकसारखा काप मिळतो. पोलादी इमारतींसाठीचं आयएस 800 हे भारतीय मानक यंत्राने नियंत्रित केलेल्या ज्योतीला हातातल्या ज्योतीपेक्षा वरचं स्थान देतं, ते याच कारणाने.

प्लाझ्मा कटर 1950 च्या दशकात अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागात जन्माला आला. बारीक नोझलमधून दाबलेला विजेचा आर्क वीस हजार अंशांच्या घरात जातो आणि वीज वाहून नेणारा कुठलाही धातू कापतो. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमही. आता खांद्याला लावून नेता येणारी 40 अँपिअरची इन्व्हर्टर यंत्रं मिळतात आणि दहा मिलिमीटरपर्यंतची प्लेट ती बरी कापतात. त्यांना कोरडी हवा लागते. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं. फिल्टर आणि ड्रायर नसेल तर नोझल आणि इलेक्ट्रोड भराभर संपतात. प्लाझ्माच्या कापाला थोडा उतार येतो, आणि हवेतला नायट्रोजन कडेत शिरतो. त्यावर थेट वेल्डिंग केलं तर बारीक छिद्रं पडू शकतात. कड हलकी घासून घेतली की प्रश्न मिटतो.

लेसरने पोलाद कापण्याचा पहिला यशस्वी प्रयोग 1967 मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजजवळच्या वेल्डिंग संशोधन संस्थेच्या पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी केला. पत्रा होता एक मिलिमीटरचा. आज भोसरी, सातपूर, शिरोलीसारख्या औद्योगिक भागांत फायबर लेसरवर जॉबवर्क करणारे सापडतात. ड्रॉइंगची फाइल पाठवायची, भोकांसकट कापलेली प्लेट घेऊन यायची. एक गोष्ट मात्र ऑर्डर देताना सांगावी. लेसरबरोबर ऑक्सिजनचा झोत सोडून कापलेल्या कडेवर ऑक्साइडचा पातळ थर राहतो. त्यावर पावडर कोटिंग केलं तर ते थरासकट सुटतं. रंग टिकायला हवा असेल तर नायट्रोजनने काप मागावा किंवा कडा घासून घ्याव्यात.

शिअरिंगची तऱ्हा उरली. एकाच मापाच्या पट्ट्या आणि अँगल शेकड्यांनी लागत असतील, तर हायड्रॉलिक आयर्नवर्करला तोड नाही. ठिणगी नाही, कीस नाही, एक मिलिमीटरही वाया जात नाही. बंद पाइप मात्र त्यात चेपतो.

कापानंतरचा हिशेब

पाइप सहा मीटरचा येतो. त्यातून 300 मिलिमीटरचे 20 तुकडे निघतील, असा हिशेब कागदावर बरोबर वाटतो. चॉप सॉची डिस्क प्रत्येक कापात तीन मिलिमीटर खाते. 19 कापांत 57 मिलिमीटर गेले, आणि शेवटचा तुकडा 243 चा राहिला. बँडसॉ एका कापाला दीड मिलिमीटरच्या आसपास खातो, म्हणजे 28.5 मिलिमीटर. विसावा तुकडा तिथेही आखूडच. माप ठरवतानाच काप धरून 297 केलं, तर दोन्ही यंत्रांवर वीसच्या वीस निघतात. डिझाइनमध्ये तीन मिलिमीटर इकडे-तिकडे चालणार असतील, तर हे आधी विचारलेलं बरं.

कोनाचा हिशेब आणखी बोचरा. पन्नास मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचा काप दोन अंशांनी चुकला, तर एका बाजूला पावणेदोन मिलिमीटरची फट पडते. सोळा गेजच्या पाइपची भिंतच 1.6 मिलिमीटरची. फट भिंतीपेक्षा मोठी झाली. वेल्डर ती भरायला जास्त वेळ थांबतो, पाइपला भोक पडतं, ते बुजवायला आणखी धातू टाकतो. त्या उष्णतेने चौकट आक्रसते आणि गुण्या लावला तर कोपरा काटकोनात येत नाही. मग हातोडी, मग ग्राइंडर, मग पुट्टी. चार कोपऱ्यांच्या या दुरुस्तीत गेलेला अर्धा दिवस कुठल्याही यंत्राच्या किमतीच्या पावतीवर दिसत नाही.

म्हणून यंत्र घेताना मोटरच्या वॉटपेक्षा व्हाइसकडे आधी पाहावं. काम धरणारा जबडा हलत नाही ना, 45 अंशांचा टप्पा गुण्याने तपासला तर खरा निघतो का, ब्लेड खाली आणताना बाजूला डुलतं का. दुकानातच एक तुकडा कापून, तो उलटा करून दुसऱ्या तुकड्याला भिडवावा. चूक असेल तर ती दुप्पट होऊन दिसते.

वायरिंगही याच हिशेबात येतं. 2,400 वॉटचं यंत्र 230 व्होल्टवर दहा अँपिअरच्या वर घेतं. साइटवर तीस मीटरची बारीक एक्स्टेंशन वायर लावली की व्होल्टेज पडतं, मोटर तापते आणि दोष यंत्राला दिला जातो. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, नीट अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हा खर्च यंत्राचाच भाग समजावा.

सुरक्षेच्या बाबतीत प्रत्येक तऱ्हेचं पथ्य निराळं. ग्राइंडरवर नुसता चष्मा पुरत नाही, चेहरा झाकणारी ढाल लागते. त्याच्या ठिणग्या कित्येक फूट जातात, त्यामुळे थिनरचा डबा आणि फोम त्या पल्ल्यात नसावा. बँडसॉवर मात्र हातमोजे काढून ठेवावेत. चालत्या पात्यात मोजा अडकला की हात ओढला जातो. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा हात लागता कामा नये, ॲसिटिलीनचा सिलिंडर आडवा वापरू नये, आणि दोन्ही नळ्यांवर फ्लॅशबॅक अरेस्टर असावा. पेट्रोल, डिझेल किंवा रसायनाचं रिकामं पिंप कधीही गॅसने वा ग्राइंडरने कापू नये. रिकाम्या दिसणाऱ्या पिंपात उरलेली वाफ भरलेल्या पिंपापेक्षा जास्त घातक असते.

मग घ्यावं काय?

गेट, ग्रिल, रेलिंग अशी कामं करणाऱ्या नव्या वर्कशॉपला चार किंवा पाच इंची चांगला ग्राइंडर आणि चौदा इंची चॉप सॉ एवढ्यावर सुरुवात करता येते. चॉप सॉऐवजी ड्राय-कट करवत परवडत असेल तर ती घ्यावी, कारण घासण्याचं काम लगेच कमी होतं. ब्लेड मात्र त्याच यंत्राचं, त्याच फेऱ्यांचं असावं. साइटवर प्लेट किंवा बीम कापण्याची वेळ वारंवार येत असेल तर गॅस कटिंगचा सेट आणि पग मशीन. स्टेनलेसचं काम असेल तर प्लाझ्मा.

बँडसॉ केव्हा घ्यायचा, याचं उत्तर वहीत असतं. दोन महिने रोजचे काप, त्यांवर गेलेल्या डिस्का आणि कडा घासण्यात गेलेले तास लिहून ठेवावेत. एक माणूस रोजचा मोठा भाग फक्त कापण्या-घासण्यात घालवत असेल, तर बँडसॉ त्याच्या मजुरीतून स्वतःचे पैसे फेडतो. दिवसाला दहा-बारा कापच असतील तर तो शेडमधली जागा अडवेल. भोकं आणि वळणं असलेल्या प्लेटसाठी छोट्या वर्कशॉपने स्वतःचं लेसर यंत्र घेण्याच्या फंदात पडू नये. ते काम जॉबवर्कला देणंच परवडतं.